कड्यातले बिऱ्हाड

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात, आणि जागेची खरेदी, चुन्याची भट्टी, लाकूडफाटा, गवंड्यांची मजुरी व शेजाऱ्याशी हद्दीवरून होणारी हुज्जत ज्याने एकदा अनुभवली आहे, त्याला या म्हणीचे भाष्य करून सांगावे लागत नाही. परंतु साष्टीच्या डोंगरात, मुंबईचे बोरिवली उपनगर जेथे संपते त्याच्या पलीकडल्या अरण्यात, कान्हेरीच्या कड्यावर शंभरांहून अधिक अशी घरे आहेत की, ज्यांच्यासाठी कोणी पाया खणला नाही, वीट रचली नाही किंवा तुळई चढविली नाही. असलेल्या डोंगरातून नको तेवढा भाग काढून टाकला आणि जे उरले त्याला जोते, ओसरी, माजघर व खोली असे रूप आले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास हा उद्योग सुरू झाला आणि इसवी सनाच्या अकराव्या शतकापर्यंत तेथे वस्ती टिकून राहिली. सुमारे हजार-अकराशे वर्षे अखंड नांदलेले बिऱ्हाड महाराष्ट्रात फार थोडे. राजवाड्यांच्या वाट्यालाही इतके आयुष्य सहसा येत नाही.

लेण्यांविषयी आपल्या मनात जी कल्पना रूढ आहे ती अशी की, संसाराला विटलेले काही विरक्त पुरुष मनुष्यवस्तीपासून दूर, दुर्गम कड्याच्या आश्रयाला गेले आणि तेथे कंदमुळांवर व ध्यानधारणेवर त्यांनी काळ कंठला. या कल्पनेत काव्य पुष्कळ आहे, परंतु कान्हेरीच्या भिंतींवर जे शंभरच्या आसपास शिलालेख कोरलेले आढळतात ते वाचू लागले म्हणजे तिचा टिकाव लागत नाही. या लेखांत तत्त्वज्ञान जवळजवळ नाही. आहे तो जमाखर्च. कोणी खोली दिली, कोणी टाके दिले, कोणी शेत लावून दिले, व्याज किती, त्यातून वस्त्रे किती आणि ती कोणाला, हा तपशील एखाद्या जुन्या देवस्थानाच्या दप्तरात शोभावा इतक्या काटेकोरपणे तेथे नोंदलेला आहे. कड्यातील हे घर खडकाने उभे राहिले खरे, परंतु ते चालले हिशेबावर. आणि त्याचा इतिहास सांगायचा तर मूर्तींच्या सौंदर्याइतकाच त्या हिशेबाचा इतिहास सांगावा लागतो.

जागेची निवड पाहिली तरी हेच दिसते. कान्हेरीचा डोंगर निर्जन असला तरी आडवळणी नव्हता. उत्तरेस सोपारा, पूर्वेस खाडीपलीकडे कल्याण, दक्षिणेस चौल, अशी अपरांतातील, म्हणजे उत्तर कोकणातील, तीन नामांकित बंदरे त्याच्या भोवती होती आणि नाणेघाटासारख्या वाटांनी घाटावरचा माल या बंदरांत उतरत होता. बौद्ध भिक्षूला भिक्षेसाठी गाव हवे, पण निजायला गावाबाहेरची जागा हवी. त्यातच पावसाळ्यात भ्रमण थांबवून एका ठिकाणी वर्षावास करावा असा संघाचा दंडक. कोकणचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सहज कळेल की, चार महिने कोसळणाऱ्या त्या धारांखाली कुडाची व गवताची झोपडी दरसाल नव्याने शाकारावी लागते आणि दरसाल कोणा ना कोणा उपासकाकडे त्यासाठी हात पसरावा लागतो. एकदाच खर्च करून कायमचा निवारा होत असेल तर दात्याला पुण्य अक्षय आणि संघाला चिंता कमी, असा हा दोन्ही पक्षांना मानवणारा व्यवहार होता.

खडकात घर कोरणे हे काम उलट्या क्रमाचे. बांधकाम जोत्यापासून आढ्याकडे जाते. कोरकाम छतापासून जमिनीकडे उतरते. कड्याचा दर्शनी भाग तासून सपाट करायचा, छताची पातळी नक्की करून तेथून आत शिरायचे आणि मग पायाखालचा खडक थराथराने काढीत खाली यायचे. म्हणजे परांची बांधण्याची गरज उरत नाही आणि जे छत एकदा पुरे झाले त्याला पुन्हा हात लावावा लागत नाही. यात सोय असली तरी क्षमा नाही. गवंड्याची भिंत वाकडी झाली तर ती पाडून पुन्हा उभारता येते. येथे छिन्नीचा एक घाव अधिक बसला तर गेलेला दगड परत येत नाही. स्तंभ कोठे येणार, ओटा किती उंच राहणार, टाक्याचे तोंड कोणत्या बाजूस ठेवायचे, या सर्वांची तजवीज पहिला घाव घालण्यापूर्वीच झालेली असली पाहिजे. कान्हेरीचा खडक तर ज्वालामुखीच्या खडीने सांधलेला, म्हणजे कोठे मऊ, कोठे कठीण; त्यामुळे पाथरवटाला चांगला सराव नसेल तर डोंगर त्याचे ऐकणार नाही. तेथील पहिल्या क्रमांकाचे लेणे दर्शनी स्तंभ कोरून झाल्यावर तसेच सोडून दिलेले आहे, आणि काम अर्ध्यावर कसे दिसत असे हे पाहण्यास ते फार उपयोगी पडते.

हे काम कोणी केले याचीही नोंद सुदैवाने शिल्लक आहे. तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या उपासनेचे दालन, सुमारे 86 फूट लांब व 40 फूट रुंद असून त्यात चौतीस स्तंभ आहेत. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या कारकिर्दीत, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, गजसेन व गजमित्र या दोन व्यापारी बंधूंनी ते करविले. तेथील लेखात दात्यांच्या नावांबरोबर कामावर देखरेख करणाऱ्या बोधिक नावाच्या स्थविराचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूचे, नाव आहे, आणि त्याच्या पाठोपाठ शैलवर्धकी, म्हणजे पाथरवट, त्यांचे नायक आणि शेवटी दगडाला घोटून झिलई देणारा कारागीर, अशी कामकऱ्यांची प्रतवारी दिलेली आहे. राजाचे नाव कालगणनेपुरते, दात्याचे पुण्यापुरते. परंतु ज्याने दगड घासला त्याचाही उल्लेख त्याच शिळेवर करावा असे त्या काळच्या लेखनिकाला वाटले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता चैत्यगृह सोडून डोंगर चढून वर गेले आणि साध्या विहारांपैकी कोणत्याही एकापुढे उभे राहिले, म्हणजे या घराची मांडणी ध्यानात येते. खडकातच कोरलेल्या पाच-सात पायऱ्या चढून आपण एका लहानशा अंगणात येतो. त्याच्या कडेला बसण्याजोगा ओटा असतो आणि एका बाजूस कमानवजा कोनाड्याखाली टाक्याचे चौकोनी तोंड. अंगणापुढे दोन खांबांची ओसरी, ओसरीतून आत जाण्यास दार आणि दाराशेजारी उजेडासाठी खिडकी; कोठे कोठे त्या खिडकीला त्याच दगडात कोरलेली जाळीही आहे. आत एक चौरस दालन, त्याच्या भिंतीलगत सलग ओटा, आणि दालनाच्या बाजूस एक खोली, जिच्यात माणूस आडवा होईल एवढा दगडी मंचक डोंगरातच राखलेला. दाराच्या चौकटीवर बोट फिरविले तर लाकडी चौकट बसविण्यासाठी पाडलेल्या खाचा व बिजागरीची भोके हाताला लागतात. अर्थात हे घर दगडाचे असले तरी त्याला लाकडी दार होते, ते लावले जात होते, कुजल्यावर बदललेही जात होते. आणि दार बदलायचे म्हटले की सुतार आला, सुताराची मजुरी आली, ती द्यायला निधी आला.

या सर्व रचनेत बुद्धीचा खरा कस लागला आहे तो पाण्याच्या बंदोबस्तात. कान्हेरीचा डोंगर पावसाळ्यात भिजून चिंब होतो आणि उन्हाळ्यात तितकाच कोरडा पडतो. म्हणून घराच्या माथ्यावर, उघड्या खडकावर बारीक चर खोदून उतारावरचे पाणी वळविलेले आहे. ते दाराच्या वरून न सांडता कडेकडेने ओघळत अंगणातील टाक्यात येते आणि भरलेल्या टाक्याचे जादा पाणी पुढल्या चराने खालच्या घराकडे जाते. अशा टाक्याला तेथील लेखांत पाण्याची पोढी म्हटले आहे आणि पोढी दान करणे हे खोली दान करण्याइतकेच मोलाचे मानले आहे. एका पोढीवरचा लेख तर राजकारणाच्या अभ्यासकांनाही बहुमोल ठरला. कारण शतेरक नावाच्या अमात्याने दिलेल्या त्या पोढीच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही कार्दमक वंशातील एका महाक्षत्रपाची कन्या असल्याचे सांगितले आहे. सातवाहन आणि क्षत्रप ही हाडवैरी घराणी. त्यांच्यातील सोयरिकीचा पुरावा राजवाड्याच्या सनदेत सापडला नाही, तो भिक्षूंच्या पाण्याच्या टाक्यावर सापडला.

हिशेबाची पद्धत कशी होती याचा सर्वांत स्पष्ट नमुना मात्र कान्हेरीत नसून नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे, आणि तो येथे दिल्यावाचून पुढे जाणे इष्ट नाही. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने वर्ष 42 मध्ये तेथील आपल्या लेण्यासाठी तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली: एकीकडे दोन हजार, दरमहा दरशेकडा एक या दराने, दुसरीकडे एक हजार, दरमहा दरशेकडा पाऊण या दराने. मुद्दल कधीही परत घ्यायचे नाही, फक्त व्याज खायचे, यालाच अक्षयनीवी म्हणत. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. वीस बारा दोनशे चाळीस: हिशेब दिडकीचाही फरक न ठेवता जुळतो. एवढ्यावर न थांबता हा ठराव निगमसभेत वाचून दाखविला गेला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदला गेला, असेही उषवदात सांगतो. आजच्या काळात विश्वस्त निधीची नोंदणी करणाऱ्याला यात अनोळखी असे फारसे काही आढळणार नाही.

कान्हेरीचे लेख याच वळणाचे आहेत. एकामागून एक लेखांत वस्त्रासाठी सोळा कार्षापण आणि ऋतुकाळात दरमहा एक, अशी ठरीव तरतूद आढळते. जणू हा त्या मठाचा प्रचलित दरच होता. निधी केवळ नाण्यांचा नसे. डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी असलेल्या आजच्या मागाठाण्यातील शेत विहाराला लावून दिल्याचा उल्लेख तेथे आहे, म्हणजे हल्ली जेथे इमारतींच्या रांगा उभ्या आहेत त्याच भूमीचे उत्पन्न कधीकाळी वरच्या खोल्यांत पोहोचत होते. दाते पाहावे तर त्यांत कल्याणचे सोनार व लोहार आहेत, सोपाऱ्याचा मणिकार आहे, श्रेष्ठी व व्यापारी आहेत, गृहिणी आहेत आणि भिक्षू व भिक्षुणीही आहेत. नाशिक, चौल, धेनुकाकट ही गावे पुन्हा पुन्हा येतात. पुष्कळांनी आपल्या पुण्यात आईबापांना, भावंडांना व मुलाबाळांना वाटेकरी केले आहे. एका घरामागे एक कुटुंब, एका टाक्यामागे दुसरे, अशा रीतीने हा डोंगर वर्गणीने कोरला गेला. तो एका राजाच्या लहरीने कोरला गेला असता तर त्या राजाबरोबरच थांबला असता.

सातवाहन गेले, त्रैकूटक आले. चैत्यगृहासमोरील स्तूपात 1839 साली डॉ. जेम्स बर्ड याला जो ताम्रपट सापडला त्यावर त्रैकूटकांचे 245 हे वर्ष, म्हणजे इसवी सन 494–95, असून सिंधमधून आलेल्या बुद्धरुची नावाच्या उपासकाने तेथे चैत्य उभारल्याची हकिकत आहे. याच सुमारास व पुढल्या शतकात जुन्या साध्या भिंतींवर मूर्ती चढू लागल्या. चैत्यगृहाच्या ओसरीतील बावीस-तेवीस फूट उंचीचे दोन बुद्ध आणि एकेचाळिसाव्या लेण्यातील अकरा मुखांचा अवलोकितेश्वर ही त्या काळची कामगिरी. ज्या घरात पूर्वी फक्त निजायची सोय होती त्यात आता देवघर आले. संघ वाढला तशी सामुदायिक दालनेही लागली. ज्याला पुढे दरबार हे नाव पडले त्या अकराव्या लेण्यात दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन लांबट, ठेंगणे दगडी बाक कोरलेले आहेत. वेरूळच्या पाचव्या लेण्याखेरीज अशी रचना सहसा आढळत नाही. पंगत असो वा पठण, ओळीने समोरासमोर बसून करावयाच्या कामासाठीच ती असली पाहिजे.

नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचे उत्तर कोकणातील मांडलिक शिलाहार यांच्या अमदानीतही हा जमाखर्च चालू होता. फक्त कार्षापणांच्या जागी द्रम्म आले. शिलाहार पुल्लशक्तीच्या वेळच्या लेखात देणगीची विभागणी बाबवार केलेली आहे आणि पूजा, डागडुजी व वस्त्रे यांच्या जोडीला ग्रंथांसाठीही वेगळी रक्कम राखलेली आहे. दुसऱ्या एका लेखात गौड देशाहून, म्हणजे बंगालहून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने ध्यानासाठी खोल्या करविल्या आणि शंभर द्रम्मांची अक्षयनीवी ठेवली, असा मजकूर आहे. शके 799 पर्यंतचे असे लेख मिळतात. घर हजार वर्षांचे होत आले तरी त्याच्या दुरुस्तीची बाब कोणी वगळली नाही, हे त्या संघाच्या फडणिशीचे लक्षण होय.

येथे राहणारे भिक्षू अखेर येथेच विसावत. डोंगराच्या दक्षिण अंगास, सत्त्याऐंशीव्या लेण्याच्या परिसरात, लांबच लांब कपारीखाली विटांच्या लहान स्तूपांची एक ओळ आहे. ते दिवंगत स्थविरांचे स्मारकस्तूप. डॉ. शोभना गोखले यांनी तेथील कोरीव लेख शोधून काढले व वाचले, तेव्हा तोवर निनावी असलेल्या या बिऱ्हाडातील माणसांना नावे मिळाली आणि त्या नावांबरोबर प्रत्येकाने साधनेत कोणती पायरी गाठली होती हेही कळले. जिवंतपणी ज्यांच्या नावावर दगडी मंचकाखेरीज काही नव्हते, त्यांच्या पश्चात संघाने एवढी नोंद मात्र कटाक्षाने ठेवली.

मग हे घर मोडले कसे? येथे कोणी आग लावल्याची वा कत्तल केल्याची कथा सांगण्याची गरज नाही. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली, व्यापार ठाण्याकडे सरकला, आणि दानधर्माचा ओघही वळला. शिलाहारांनी शके 982 मध्ये, म्हणजे इसवी सन 1060 मध्ये, अंबरनाथचे जे देखणे शिवालय पुरे केले ते या वळणाचे ठळक चिन्ह आहे. नव्वदाव्या लेण्यात इसवी सन 1009 व 1021 या सालांचे पहलवी लिपीतील लेख आहेत. पारशी प्रवाशांनी आपली नावे, दिवस व महिना यांसह तेथे कोरून ठेवली आहेत. दुसऱ्या धर्माचे पाहुणे भिंतीवर सावकाश नावे कोरून जातात, यावरून घराच्या दाराशी तेव्हा गर्दी राहिली नव्हती असे म्हणता येईल. उत्पन्न आटले, शेते दुसऱ्यांच्या वहिवाटीत गेली, दारे कुजली ती बदलली गेली नाहीत, चर गाळाने बुजले आणि पाणी टाक्याऐवजी भिंतीत मुरू लागले.

1534 साली साष्टी पोर्तुगिजांच्या कबजात आली आणि फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियु दु पोर्तु याने तेथे ख्रिस्ती उपासना सुरू केली. चैत्यगृह काही काळ संत मायकेलच्या नावे चर्च म्हणून वापरले गेले. इतिहासकार दियोगु दु कौतु याने या पाद्र्याची मोठी मौजेची हकिकत दिली आहे: ही भुयारे खंबायतपर्यंत जातात अशी वदंता ऐकून तो सोबत माणसे व शिधा घेऊन आत शिरला आणि कित्येक दिवस भटकूनही अंत न लागल्यामुळे परत आला. त्याहून महत्त्वाची आहे ती कौतुने एका वृद्ध रहिवाशाकडून ऐकलेली कथा. एका राजाला आपला एकुलता मुलगा जगातील दुःख पाहून विरक्त होईल असे भविष्य कळले, म्हणून मुलाच्या दृष्टीस दुःख पडू नये यासाठी त्याने हा डोंगर कोरून त्यात त्याला ठेवले, अशी ती कथा. बौद्ध भिक्षू जाऊन पाचशे वर्षे लोटली होती, लेखांची लिपी वाचणारा कोणी राहिला नव्हता, तरी बुद्धचरित्राचा गाभा साष्टीच्या कुणब्या-कोळ्यांच्या तोंडी, थोडा विपरीत होऊन का होईना, जिवंत होता.

1737 साली मराठ्यांनी साष्टी घेतली, 1774 साली इंग्रजांनी, आणि नंतर पंडितांची वर्दळ सुरू झाली. जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1881 साली पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले, तेव्हा राजपुत्राच्या तुरुंगाची व खंबायतच्या भुयाराची कथा मागे पडून सोनार, लोहार, मणिकार आणि त्यांचे सोळा कार्षापण पुढे आले. कथेपेक्षा हिशेब अधिक रसाळ असू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पाण्याच्या बाबतीत तर इंग्रजांनाही भिक्षूंचाच कित्ता गिरवावा लागला. मुंबईची तहान भागेना, तेव्हा 1860 साली विहार आणि 1879 साली तुळशी हे तलाव याच डोंगरांच्या कुशीत बांधले गेले. पावसाळ्यात पडते ते अडवावे आणि आठ महिने पुरवावे, हे तत्त्व कान्हेरीच्या प्रत्येक अंगणात दीड हजार वर्षांपूर्वीच अमलात आलेले होते. आज पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली ही घरे सुरक्षित आहेत, पण सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या मंडळींपैकी काहीजण त्या पोढ्यांत बाटल्या व पुड्या टाकतात आणि ओसरीच्या भिंतीवर आपली नावे ओरखडतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, पोढी हा कचऱ्याचा खड्डा नसून कोणा गृहस्थाने आईबापांच्या नावे दिलेले पिण्याचे पाणी आहे, आणि त्या भिंतीवर नाव कोरण्याचा अधिकार ज्यांना होता त्यांनी त्याची किंमत आगाऊ भरलेली होती. कान्हेरीला जाणाऱ्याने चैत्यगृहातील भव्य मूर्ती अवश्य पाहाव्यात, परंतु तेथूनच माघारी न फिरता डोंगर चढून एखाद्या साध्या खोलीचे दार, मंचक, चर आणि टाके नीट न्याहाळावे. महाराष्ट्रातील सामान्य माणसांनी वर्गणी करून उभे केलेले आणि हजार वर्षे चालविलेले घर तेथे पाहावयास मिळते.